बाजरीच्या डब्यातली प्रायव्हेट की

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ८.

आजपासून वही. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. काम असं: जुन्या लॅपटॉपवरच्या वॉलेट प्रोग्रॅममध्ये माझं अर्धं बिटकॉइन सात वर्षं पडून आहे. प्रोग्रॅम म्हातारा झाला, नेटला जोडतच नाही. पण त्याची प्रायव्हेट की माझ्याकडे आहे. की म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून बावन्न खुणांची एक ओळ. ती ज्याच्याकडे, नाणं त्याचं. नव्या प्रोग्रॅममध्ये ती टाईप करायची आणि मोकळं व्हायचं. मी सावेडीत एकवीस वर्षं टायपिंग क्लास चालवला. बावन्न खुणा म्हणजे चहा निवायच्या आतलं काम.

बायको कृपा सव्वासातच्या एसटीने राहुरीला गेली. नर्सची नोकरी, दिवसभर उभी. बसमध्येही बहुतेक उभीच. काल गुडघे सुजले होते. तिला सांगून टाकलं, एक डिसेंबरपासून घरी बसायचं, आजच मेट्रनच्या नावाने अर्ज लिही. ती चपला शोधत होती. लिहिते म्हणाली, आणि दूध तापवून ठेवा म्हणाली.

दूध उतू गेलं. वही लिहीत होतो.

२८ ऑक्टोबर.

नाणं कुठून आलं तेही लिहून ठेवतो. २०१८, पुण्यातला एक दिवसाचा सेमिनार. जेवण उत्तम. बासुंदी दोनदा घेतली, त्यामुळे दुपारची पहिली वीस मिनिटं बुडाली. हॉलमध्ये आलो तेव्हा बोलणारा माणूस सगळ्यांच्या लॅपटॉपवर नाणी पाठवत होता. मलाही अर्धं पाठवलं. इतका दिलदार माणूस पुन्हा पाहिला नाही. तेव्हा भाव पडलेला होता. आजचा भाव इथे लिहीत नाही, वही कुणाच्या हाती पडायची.

की कागदावर उतरवली. तीनदा ताडून पाहिली. युट्यूबवरच्या लोकांच्या की K नाहीतर L ने सुरू होतात. माझी c ने. त्यांचे प्रोग्रॅम नारिंगी, माझा हिरवा. माझा माल आधीपासूनच वेगळा.

२९ ऑक्टोबर. दु. १२.

नवा प्रोग्रॅम उतरवला. की टाईप केली. ‘अवैध की’.

पुन्हा. अवैध.

बोटांकडे न बघता टाईप केली. अवैध. प्रोग्रॅम भिकार आहे.

३० ऑक्टोबर.

दुसरा प्रोग्रॅम. दिसायला देखणा, अक्कल तेवढीच. अवैध.

लेक शॅरनचा पुण्याहून फोन. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिते, पण शेवटी नोकरीच. तिच्या आईनेच सांगितलं असणार. पप्पा, मला एकदा दाखवा तरी, म्हणत होती. तिला समजावलं की प्रायव्हेट की रक्ताच्या नात्यालाही दाखवायची नसते. हा या धंद्यातला पहिला नियम आहे. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१ नोव्हेंबर, शनिवार.

कागद घामाने खराब व्हायला लागला म्हणून लॅमिनेशन करून आणला. झेरॉक्सवाला वैजनाथ पाथर्डीकडचा, चौकस. लॅमिनेशनसाठी आधी प्रत काढली, उजेडात धरली आणि सर, ह्यो लईच लांब पासवर्ड हाय, वायफायचा हाय का, असं दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं. व्हय म्हटलं. मूळ कागद काचेवरच राहिला होता. अर्ध्या रस्त्यातून परत गेलो. तोवर दोन पोरं त्या पासवर्डने नेट लागतं का बघत होती.

आता लपवायची जागा. कपाट चोराला आधी सुचतं. स्वयंपाकघरातल्या बाजरीच्या स्टीलच्या डब्यात, तळाशी खोचला. आमच्याकडे बाजरी थंडीतच लागते. सुरक्षेच्या बाबतीत मी बँकांनाही शिकवू शकेन.

४ नोव्हेंबर.

तिसरा प्रोग्रॅम, थोडे पैसे भरून. की वैजनाथकडून परत आणलेल्या मूळ कच्च्या कागदावरून टाकली. अवैध. कच्चा कागद रागाने फाडून गॅसवर धरला. पक्का डब्यात आहेच.

कृपा घरी आली तेव्हा खुर्चीत बसून अर्धा तास उठली नाही. मी तिला डिसेंबरमध्ये आपण महाबळेश्वरला जाऊ म्हटलं. तिने गुडघ्यांना लावायचं तेल मागितलं. अर्जाचं विचारलं, दिला म्हणाली. म्हणजे आता मागे फिरता येत नाही.

६ नोव्हेंबर.

जुना लॅपटॉप सुरू होईना. पंखा एकदा ओरडला आणि थांबला. घाबरायचं कारण नाही. की लॅपटॉपमध्ये नाही, डब्यात आहे. घाबरलो नाही. दुपारी जेवलो नाही, पण ते ॲसिडिटीमुळे.

९ नोव्हेंबर, रविवार. दु. ३.

आत्ताच चर्चमधून आलो.

आज चर्चमध्ये हंगामाचा सण. लोकांनी नेहमीसारखं धान्य, भोपळे, ऊस, कोंबड्या आणल्या. उपासनेला बसलो आणि वेदीपुढच्या टेबलावर, दोन भोपळ्यांच्या मधे, झेंडूची माळ घालून आमचा बाजरीचा डबा. कृपा शेजारी गीत म्हणत होती. तिला कोपराने ढोसून विचारलं. दरवर्षी देतोच की आपण, डब्यासकट, असं तिने गीताच्या चालीवरच सांगितलं. मला आठवायला हवं होतं. दरवर्षी मीच उचलून नेतो, यंदा तेवढा मार्क सकाळीच घेऊन गेला होता.

प्रभुभोजनाच्या आधी पुढे गेलो. माळ सरळ करतोय असं दाखवून झाकणाखाली बोटं घातली. पाळकसाहेबांनी शमुवेल भाऊ, अर्पणात हात घालू नका, असं माईकवर सांगितलं. तीनशे माणसं. जागेवर आलो.

उपासनेनंतर लिलाव. मंडळीतले रंगनाथ भाऊ बोली पुकारत होते. डबा दोनशेपासून. मी पाचशे म्हटलं, म्हणजे विषय मिटेल. मागून माझा मेव्हणा मार्क हजार म्हणाला. ताईची बाजरी हाय, दाजी, मी सोडत न्हाई, असं त्याने ओरडून सांगितलं, लोक हसले. मी डोळ्यांनी थांब म्हणत होतो. त्याला वाटलं चढव म्हणतोय. अडीच हजारांवर माझ्या नावाने तीन टाळ्या पडल्या. धावत गेलो, डबा छातीशी धरला.

आणि इथे घात. आमच्या मंडळीत घेणारा माणूस वस्तू पुन्हा मंडळीलाच देतो, मग ती पुन्हा लिलावात निघते. एकेक भोपळा पाच-पाचदा विकला जातो. मी लहानपणापासून बघतोय. शमुवेल भाऊंनी डबा परत अर्पण केला, असं रंगनाथ भाऊंनी माझ्या हातातून डबा काढत जाहीर केलं. सगळे आमेन म्हणाले. मीपण म्हणालो. काय करणार.

दुसऱ्या फेरीत मार्क पेटला. डबा चार हजार आठशेला माझ्या नावाने सुटला. या वेळी डबा बगलेत मारून सरळ दाराबाहेर. मागे हशा झाला तो ऐकू आला. पैसे कृपाच्या गुडघ्यांच्या एक्स-रेसाठी बाजूला ठेवलेले होते. ते आठवलं तेव्हा फोनवरून पाठवून झाले होते. दोन्ही फेऱ्यांचे. फार वाईट वाटलं. महिनाअखेर तिला दहा एक्स-रे काढता येतील, अशी मनाची समजूत घातली.

की सापडली. प्लॅस्टिकमध्ये एक किडा. बाकी शाबूत.

१० नोव्हेंबर.

तिन्ही प्रोग्रॅममध्ये पुन्हा. अवैध, अवैध, अवैध.

१२ नोव्हेंबर.

घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही. वैजनाथच्या दुकानावरून चार वेळा गेलो. पाचव्यांदा त्याने, सर, वायफाय लागलं का, असं विचारलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

शॅरन आली. नियम बाजूला ठेवून की तिच्यापुढे ठेवली. तिने एक मिनिटसुद्धा घेतलं नाही. पप्पा, ही c ने सुरू होते, असं हळू म्हणाली. म्हटलं, हो, वेगळी आहे. तिने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग सांगितलं. प्रॅक्टिससाठी एक वेगळं नेटवर्क असतं. शिकणाऱ्यांना त्यातली नाणी फुकट वाटतात. हिरवा रंग त्याचाच. खऱ्या वॉलेटमध्ये ती की कधीच चालणार नाही. सेमिनारमध्ये हे सांगितलं नव्हतं का, असं तिने विचारलं. मी बासुंदीबद्दल काही बोललो नाही.

तिने माझ्या नव्या प्रोग्रॅमचीच प्रॅक्टिसची बाजू उघडली आणि मला टाईप करायला लावलं. पहिल्या फटक्यात घेतली. अर्धं नाणं, हिरवंगार, जसंच्या तसं. किंमत शून्य.

टायपिंगमध्ये एकही चूक नव्हती.

१६ नोव्हेंबर, रविवार.

कृपाला सांगायचं. सकाळी सांगणार होतो, चर्च होतं. दुपारी ती झोपली. संध्याकाळी ती बाजरी निवडत होती. मेट्रनला भेटून अर्ज मागे घेता येतो का, एवढंच विचारलं. तिने सुपातून वर पाहिलं आणि उठून पर्समधून अर्जाची प्रत काढून दिली.

राजीनामा नव्हताच. गुडघ्यांच्या त्रासामुळे केसपेपरच्या खिडकीवर बसून करायची ड्युटी मिळावी, ही विनंती. खाली मेट्रनची सही, एक डिसेंबरपासून मंजूर. अर्जाची तारीख सत्तावीस ऑक्टोबर. मी सांगितलं त्याच दिवशी लिहिला होता.

मला राग यायला हवा होता. रडूच आलं. तिने, अहो, सात हजारांची बाजरी आहे, खड्यांसकट खायची का, असं म्हणून सूप माझ्याकडे ढकललं.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.

आज तिला तारकपूर स्टँडवर सोडायला गेलो. सात वर्षांत पहिल्यांदा. बस लागली तशी गर्दी तुटून पडली. मी पुढे पळालो आणि खिडकीतून रुमाल सीटवर टाकला. मग आत घुसून तिला तिथे बसवलं. आज ती राहुरीपर्यंत बसून जाईल.

रुमाल बसमध्येच राहिला. नवा होता.