आईसारखी दिसणारी बाई

१७ नोव्हेंबर २०२४

कॅमेरा आला. विपुलच्या यार्डातल्या साहेबांनी नवा घेतला, जुना ह्याला देऊन टाकला. न्हावा शेव्याहून शनिवारी येताना डब्याच्या पिशवीत घालून आणला आणि आज सकाळी माझ्यासमोर ठेवला – "घे. तुझं मन रमेल."

आई एप्रिलमध्ये गेली. तेव्हापासून सगळे माझं मन रमवायच्या मागे आहेत.

पहिला फोटो राहीचा काढायला गेले. तिने पुस्तकातून मान वर केली नाही. "आई, माझी दहावी आहे." दुसरा शेजारच्या नीराबाईंच्या मांजराचा. मांजर हललं.

२४ नोव्हेंबर

माहेरी जाऊन आले. अप्पा ओट्यावर बसून एकटेच जेवत होते. भात आणि सुकटीचं कालवण. भाताची कापणी झालीय, माणसं लावून केली म्हणाले. आई असती तर माणसं लावू दिली नसती.

भिंतीवर आई. म्हणजे आधार कार्डावरचा फोटो मोठा करून घेतलेला. गेली त्या दिवशी दुसरा सापडलाच नाही. लग्नातल्या फोटोत मान इतकी खाली की नुसता भांग दिसतो. बाकीच्यांत कुठे पाठमोरी वाढतेय, कुठे अर्धी बाहेर कापली गेलीय. म्हणून हा. धुरकट चेहरा, नाक पसरलेलं, तोंड धड मिटलेलं नाही, धड उघडं नाही. येणारा-जाणारा हाच बघणार आणि हीच आई म्हणून लक्षात ठेवणार.

अप्पांना म्हटलं, मी दुसरा करून आणते.
"कशाला? र्‍हाऊ दे."

८ डिसेंबर

नीराबाईंना गुलाबी साडी नेसायला लावून अंगणात बसवलं. चांगला आला. त्यांच्या सुनेने लगेच फ्रेम करायला टाकला. पुढे भिंतीला लागेल, हे तिच्याही मनात असावं, पण बोलणार कशी?

मग आळीतल्या नजमुद्दीन चाचांनी बोलावलं. तीस वर्षं कुवेतला होते, तिथला कोट अजून कपाटात. तो घालून बसले. खांदे उतरल्यामुळे कोट लोंबत होता. "सीधा बघू की जरा तिरपा?" दहा वेळा विचारलं. फोटो त्यांच्या रेहानला दोह्याला पाठवला. त्याचा मला फोन आला. म्हणाला – "प्रणालीताई, अब्बा एवढे कधी वाळले?"

फोन ठेवल्यावर वाटलं, हे काम करायला हवं. आपल्या आळीतलं कुणी आधार कार्डातलं तोंड घेऊन भिंतीवर जाऊ नये.

२२ डिसेंबर

ऊन कोवळं आहे तोवरच काढायचे, डोक्यावर आलं की डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो. हे शिकले. आज आतल्या दोन गावांत जाऊन आले. म्हातारी माणसं सांगितलं तसं बसतात, गरीब गाईसारखी.

अप्पांकडे पुढच्या रविवारी.

५ जानेवारी २०२५

शाळेच्या ऑफिसात बसून दाखले लिहिते, पण समोर कुणाचा आजोबा आला की माझी नजर त्याच्या गालांवर. एसटीतही तेच. समोरच्या माणसाकडे बघून मी त्याचं किती उरलंय ते मोजते. वाईट सवय. जात नाही.

राहीने आज सगळे फोटो बघितले. बघून झाल्यावर लॅपटॉप मिटला. "ह्यात माझा एकही नाही. मी एवढ्यात मरणार नाही म्हणून?"

आत जाऊन कांदा चिरत बसले.

१४ जानेवारी

आई दिसली.

चौल नाक्यावर तीळ-गूळ घ्यायला थांबले होते. वडाखाली भाजीवाल्या बसतात त्यांत एक बाई तोंडली निवडत होती – खाली बघत, डावी बाजू माझ्याकडे. तोच कपाळाचा उतार. कानाच्या पाळीशी तीच सुरकुती. मग तिने मान वर केली आणि गेलं सगळं. समोरून दुसरीच बाई. गोल चेहरा, हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके.

"काय पायजे, बाय?"

नको असताना तोंडली घेतली.

१५ जानेवारी

पुन्हा गेले. कॅमेरा घेऊन. नाव कमळ. नवरा नाही. मुलगा कान्हा मांडव्याला लाँचवर कामाला, आठवड्याने घरी येतो. विचारलं, फोटो काढू का? खळखळून हसली. पुढचा एक दात नाही. "माजा कसला फोटो? तोंडल्यांचा काढ!"

काढले. हसतेय त्यातला एकही कामाचा नाही. आई अशी हसायची नाही. पदराआड हसायची.

२ फेब्रुवारी

कमळबाईंकडे रोज जाते. शाळेच्या आधी. गिऱ्हाईक नसलं की त्या बोलत राहतात – कान्हाला मुलगी बघताहेत, गुडघा दुखतो, यंदा पांढरा कांदा बरा आलाय, माळा विणून बोटं सोलली. मी म्हणते, कमळबाई, खाली बघा. बोलू नका जरा. त्या गप्प होतात. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू.

विपुल रात्री जेवताना म्हणाला, "रविवार एक मिळतो गं मला. तू तरी घरी थांब." मी हो म्हटलं. सकाळी तो उठायच्या आत गेले.

९ फेब्रुवारी

लॅपटॉपवर फोटो दुरुस्त करायला शिकले. गोंदण पुसता येतं. नाक थोडं सरळ करता येतं. भुवयांत आईची ती जखमेची खूण होती – विळ्याची – तीही घालता आली. केलेले तेवढे ठेवते, मूळचे काढून टाकते, लॅपटॉपमध्ये जागा नाही.

राही मागे येऊन उभी होती, कळलं नाही मला. "आई, तू त्यांचं गोंदण पुसलंस?"
"नुसतं फोटोतलं."
"त्यांना विचारलंस?"

२१ फेब्रुवारी

राहीचा दहावीचा पहिला पेपर. सुटताना मी फाटकाशी असेन म्हणून सांगितलं होतं. शाळेतून लवकर निघालेही. नाक्यावर आभाळ आलं होतं, उजेड असा मऊ की चेहऱ्यावर कुठे सावलीच नाही. म्हटलं, पाचच मिनिटं.

पोचले तेव्हा फाटक बंद, रस्त्यावर भेळवाला तेवढा. राही मैत्रिणीच्या वडिलांच्या गाडीवरून घरी गेली होती. मी आत आले तर जेवत होती. पेपर कसा गेला विचारलं.

"बरा."

ताट धुऊन ठेवलं आणि दार लोटून घेतलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी

विपुल आला. त्याला कळलं होतं. ओरडला नाही. कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट करत म्हणाला, "मीच आणला हा. मला वाटलं तू बाहेर पडशील. तू तर आणखीनच आत गेलीस."

मी म्हटलं, वर्षश्राद्धापर्यंत फक्त. आईचा फोटो झाला की ठेवून देईन.

"आईचा कसा होईल, प्रणाली? आई नाहीये."

१० मार्च

अप्पांचा फोन. येतेस का म्हणून नाही विचारलं. आंब्याला मोहर बरा आहे म्हणाले. मग – "बरं, ठेवतो."

२३ मार्च

झाला.

कमळबाईंना घरी आणलं. आईची हिरवी इरकली दिली नेसायला. त्यांनी घडी नाकाला लावली. "आईची ना तुज्या? वास हाय अजून." आई गेल्यापासून मी त्या साडीला हात लावला नव्हता. वास असेल हे डोक्यातच आलं नाही.

मागच्या पडवीत बसवलं. आईची नथ, आईसारखा पदर. नेहमी बोलणारी बाई, आज एक शब्द बोलली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली. खाली बघा म्हटलं, बघितलं. मी एकामागून एक काढत गेले आणि मधेच मला दिसेनासं झालं. डोळे पुसून पुन्हा काढले.

चहा घेतला त्यांनी. स्वतःची जुनी साडी नेसून, केस नीट करून पुन्हा पडवीत जाऊन बसल्या. "आता माजा एक काढ. असाच. कान्हाला दावीन."

ऊन वर आलं होतं. म्हटलं, आता चांगला येणार नाही, पुढच्या वेळी काढू.
"बरं बाय," म्हणाल्या. कांद्याची एक माळ दारात ठेवून गेल्या. पैसे घेतले नाहीत.

३० मार्च

गुढीपाडवा. फ्रेम करून आणली. अलिबागला मोठी प्रिंट काढली. दुकानदार म्हणाला, "आई का? तुमच्यासारख्याच दिसतात."

घरी येईपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसले.

१३ एप्रिल

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेल्यावर मी फ्रेम काढली आणि अप्पांच्या हातात दिली. विपुल, राही दोघं समोर. अप्पांनी खांद्यावरच्या पंच्याने काच पुसली. बघत राहिले. मला वाटलं रडतील.

"कोन ही?"

मी म्हटलं, आई.

"न्हाय." आणखी थोडं बघितलं. "साडी तिची हाय."

राहीने माझा हात धरला – कधीपासून धरला नव्हता. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, मग हा आईसारखा दिसतो का अप्पा? हा तरी? आवाज चढला माझा. श्राद्धाच्या दिवशी.

अप्पा चिडले नाहीत. म्हणाले, "लावनी चालू होती त्या दिवशी. चिखलाचे पाय धुऊन दोघंबी शाळेत गेलो, कार्ड काढायला. तो पोरगा तिला सारखा सांगं – आजी, हलू नका, तोंड मिटा. मी मागनं म्हनलं, अरे, मला जमलं न्हाय ते तुला जमनार व्हय? तिला हसू आलं. दाबलं तिनं. तवाच त्यानं काढला."

मग आपल्याशीच – "हसू दाबलेली हाय ती. मी रोज बघतो."

मी जवळ जाऊन वर बघितलं. ते उघडंमिटं तोंड. वर्षभर मला त्याची लाज वाटत होती.

माझी फ्रेम पिशवीत घालून परत आणली.

१४ एप्रिल

शाळेला सुट्टी. दिवसभर पडून.

नजमुद्दीन चाचांनी जुनेराच्या हाती, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, शिरखुर्म्याचा डबा पाठवला होता ईदला. तो आज परत करायला गेले. चाचा कॅमेरा कुठंय विचारत होते. घरी, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "बस बेटा, पाणी पी."

१७ एप्रिल

कमळबाईंकडे गेले. कॅमेरा नेला नव्हता. नुसतं बसायचं होतं. काय बोलायच्या त्या ऐकायचं होतं. गुडघ्याचं विचारायचं होतं.

जागा रिकामी. शेजारची वालाच्या शेंगा विकणारी म्हणाली, दोन-तीन दिवस आलेली नाही, कांदा काढताना शेतातच चक्कर आली म्हणे.

घर कुठे त्यांचं? मला माहीत नव्हतं. तीन महिने रोज गेले आणि कोणता पाडा ते विचारलं नाही.

१८ एप्रिल

पाडा सापडला. घराला कुलूप. अलिबागला सरकारी दवाखान्यात नेलंय.

१९ एप्रिल

विपुल बरोबर आला. आत एकालाच सोडत होते. कमळबाई डोळे मिटून. एक बाजू गेलीय. मी हाक मारली. उजव्या हाताची बोटं हलली, माळ विणताना हलतात तशी. मी सांगितलं – कमळबाई, बऱ्या व्हा, आपण तुमचा फोटो काढू. तुमच्या साडीत.

ऐकलं की नाही कळलं नाही.

परतताना विपुल गाडी चालवत होता. सबंध रस्ताभर त्याचा डावा हात माझ्या गुडघ्यावर.

२२ एप्रिल

गेल्या.

२७ एप्रिल

अप्पांकडे राहायला आलेय, राहीला घेऊन. राही त्यांना मोबाइलवर पत्ते खेळायला शिकवते. अप्पा हरले की मोबाइलला शिव्या घालतात. मी ओट्यावर बसून ऐकते.

४ मे

परत घरी आलो. आज कान्हा आला होता. कमळबाईंचा मुलगा. तिशीतला असेल, डोक्याचा गोटा केलेला. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याशीच बसला. नाक्यावरच्या बायकांनी सांगितलं म्हणे – त्या शाळेतल्या ताईकडे तुझ्या आईचे शेकड्यांनी फोटो आहेत. भिंतीला लावायला एखादा मिळाला तर बघायला आला.

राहीने लॅपटॉप लावून दिला. मी एकेक पुढे करत गेले. तो वाकून बघत होता. अगदी शेवटच्यापर्यंत बघितले. मग माझ्याकडे वळला आणि, मला वाईट वाटू नये अशा आवाजात, विचारलं –

"ताई, ह्यात माझी आई कंची?"