ओंकारच्या डोक्यावरचं घड्याळ

मंगळवार, संध्याकाळ

नजरेच्या मधोमध डाग आला, समोरचे चेहरे पुसले गेले, तेव्हा गणिताचा क्लास बंदच करणार होते. डोळ्यांचे व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "चेहऱ्याच्या थोडं वर बघा बाई, कडेनं बघायला मेंदू शिकेल." शिकेल? या वयात? कित्येक महिने नुसती चिडचिड.

आज ओंकारच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे बघत शिकवत होते. मध्येच म्हटलं, "ओंकार, वहीआडचा मोबाइल ठेव. की उदाहरण तोच सोडवणार आहे?"

"पण बाई, तुम्ही तर घड्याळाकडे बघत होतात!"

सगळा वर्ग ताठ बसला. माझा मेंदू, शाब्बास!

घड्याळात किती वाजले होते, ते मात्र मला मुळीच दिसत नव्हतं. पोरांना कशाला सांगू?