थोरलीचा कान

गिरगाव,
ऑगस्ट १९५९

प्रिय गुरुदत्त,

आपल्या थोरल्या गौरीचा मुखवटा सापडला. काल तांबाकाट्यावरच्या गंगाधर तांबटांनी ओळख पटवली. डाव्या कानामागे बोट फिरवून म्हणाले, "कान जोडलेला हा डाग माझ्याच हातचा. तुमचा धाकटा भाऊ रडत आला होता. पडून कान निखळला, घरी सांगू नका म्हणाला."

तुला पत्र लिहून चौदा वर्षं झाली. मी आता एका संग्रहालयात आहे. वस्तू कुठून आली, कोणाच्या हातून कोणाकडे गेली, ते जुन्या कागदांवरून शोधायचं काम. गेल्या महिन्यात एक पेटी उघडली, तर तो पितळी चेहरा माझ्याकडे बघत होता. नोंद होती, 'कोकणातील देऊळ'. देऊळ कसलं रे, चाळीतली आपली खोली!

अण्णा थकलेत. दर भाद्रपदात तांब्यावर हळदीकुंकवाने डोळे काढतात आणि धाकटीशेजारी थोरली म्हणून बसवतात. संयुक्त महाराष्ट्राची बातमी वाचली की विचारतात, "बेळगावचं काय म्हणतात?" तुझं नाव घेत नाहीत. बेळगावचं घेतात.

मुखवटा हरवला तेव्हा तूच विकलास असं अण्णांना मी सांगितलं होतं. तांबटाकडे नेताना तुला एकदा पाहिलं होतं, तेवढ्यावरून. अण्णांचा हात उठला आणि तू बेळगावला निघून गेलास.

परवा नोंदवहीत, संग्रहालयाला मुखवटा विकणाऱ्या जरीवाल्याची चिठ्ठी मिळाली. मुखवटा बोहारणीकडून आलेल्या शालूत गुंडाळलेला होता. शालू जांभळा, पदराला निरांजनाने जळून पडलेलं भोक. आईचाच. आई गेली त्या वर्षी आपल्याकडे गौरी बसल्या नाहीत, म्हणून मुखवटे कोणी काढलेच नाहीत. तिची लुगडी मला बघवेनात. ट्रंकेतलं गाठोडं मी न सोडताच बोहारणीला दिलं आणि पातेलं घेतलं. त्यात अजून दूध तापवते. चोर घरातच होता, गुरू, पण तो तू नव्हतास. एवढंच लिहायला बसले होते.

अण्णांना काल सगळं सांगितलं. मग म्हणाले, "तूच लिही. माझ्या पत्राने तो यायचा नाही."

गुरुवारी विश्वस्तांची बैठक आहे. सणापुरता मुखवटा घरी द्यायला साहेब तयार आहेत. विश्वस्त नाही म्हणाले, तर तांब्या आहेच. गौरी यायच्या दिवशी अण्णा सकाळपासून उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसणार आहेत.

अजूनही तुझीच,
सुमाताई