चार हजार एकशे बारा ग्रंथांची सुव्यवस्था आणि तिला नेमका इंग्रजी शब्द

जिच्या कृपेवाचून पंडिताचाही अंगठेबहाद्दर होतो आणि जिच्या कृपेने मजसारख्याचेही पत्र तीन पानांवर जाते, त्या वाग्देवतेस प्रथम वंदन.

श्रीयुत मास्तर, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान व माझे एकुलते एक मेहुणे, यांस सप्रेम नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? माझ्या बहिणीचा स्वभाव कसा आहे, हे विचारीत नाही. काही व्याधींस उतार नसतो. अकरा वर्षांनी माझे अक्षर पाहून आपण दचकला असाल. दचकू नये. घरी सर्व क्षेम आहे. संकट आहे ते वाचनालयात.

आपणांस ठाऊक आहे की निवृत्तीपासून रोज सकाळी वाचनालय उघडण्याची सेवा मजकडे आहे. त्या दाराची किल्ली माझ्या कंबरेला असते आणि खिडकीजवळची खुर्ची माझी असते. (पत्नीच्या मागे मला जगात उरलेल्या या दोनच वस्तू, बाकीचे सामान आहे.) मागच्या पंधरवड्यात ग्रंथपालबाई बहिणीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस रजेवर गेल्या आणि जाताना म्हणाल्या, ‘‘आजोबा, सगळं तुमच्यावर सोपवून जातेय.’’ आता ‘सगळं’ या शब्दाची व्याप्ती किती, हा वादाचा विषय आहे. मी ती सढळ हाताने घेतली.

झाले असे की पहिल्याच दिवशी उपनिषदांच्या भाष्याच्या बरोबर डोक्यावर ‘पोटाचे विकार व उपाय’ हा ग्रंथ बसलेला मला दिसला. मास्तर, आत्म्याच्या डोक्यावर आतडे! मी तो उचलून खाली ठेवला. मग त्याच्या शेजारचा ठेवला. एकदा शुद्धीस आरंभ झाला की मध्येच थांबता येत नाही, हे स्नान केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. आठ दिवसांत मी सर्व ग्रंथ त्यांच्या योग्यतेप्रमाणे लावले. एकूण चार वर्ग केले: मोक्षदायक, बोधदायक, उपयुक्त आणि नाइलाज. रहस्यकथा न्यायशास्त्रात घातल्या, कारण तेथे अखेर अपराधी सापडतोच. मोटार चालवण्याचे पुस्तक ‘इंद्रियनिग्रह’ या फळीवर गेले. कवींना त्यांच्या वर्तनाप्रमाणे वरखाली बसवले (खालची फळी लवकर भरली). विणकामाची पुस्तके जमिनीलगत आली, त्यामुळे दोन वृद्ध भगिनी तीन दिवस फरशीवर बसूनच वाचत होत्या. पैकी एकीला उठवण्यास तिघे लागले. पाण्याचा पंप दुरुस्त करण्याचे पुस्तक मागणाऱ्या गृहस्थास मी म्हणालो, ‘‘ते नश्वर ज्ञानात पाहा.’’ ते अजून परतलेले नाहीत.

सोमवारी बाई आल्या. खांद्यावरची पिशवीही न उतरवता दारातच उभ्या राहिल्या.

‘‘आजोबा, हे काय केलंत?’’

‘‘व्यवस्था,’’ मी म्हणालो.

‘‘अहो, चार हजार पुस्तकं!’’

‘‘चार हजार एकशे बारा.’’

त्या स्टुलावर बसून आधी हसल्या. मग म्हणाल्या की येत्या सोमवारी तपासनीस येणार आहेत, त्यांना नंबराबरहुकूम पुस्तक सापडले नाही तर बाईंची नोकरी आणि माझी किल्ली दोन्ही जातील. हे म्हणताना त्या हसत नव्हत्या.

समितीने मला एक छापील फॉर्म धाडला आहे. शनिवारपर्यंत खुलासा हवा, नाहीतर किल्ली परत. त्यात एक रकाना आहे: चुकीचे स्वरूप, एका शब्दात, इंग्रजीत. मास्तर, आपल्या शास्त्रकारांनी पातकांच्या पायऱ्या केल्या. इंग्रजांनी तर चुकांची अख्खी वसाहत वसवली आहे! ‘स्लिप’ लिहावे, तर पाय घसरतो तो एकदा. चार हजार एकशे बारा वेळा घसरला तर त्याला नृत्य म्हणतात. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरेतून निसटणे, पण मी तर एकेक ग्रंथ चष्मा पुसून पाहिला होता. ‘मिस्टेक’ म्हणजे एकाच्या जागी दुसरे समजणे. मला सर्व समजत होते, तीच तर अडचण. ‘एरर’ म्हटले की यंत्राचा वास येतो. ‘ब्लंडर’ हा शब्द मला आवडला, त्यात भांडी पडल्याचा नाद आहे, पण तो स्वतःविषयी वापरणे म्हणजे स्वतःच्याच मिरवणुकीत ढोल वाजवणे. नातीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘आजोबा, ‘माय बॅड’ लिहा ना!’’ माझे वाईट काय? विशेष्य कोठे आहे? विशेषण असे उघड्यावर सोडून हे लोक झोपतात तरी कसे?

शेवटी शब्दकोश पाहावा म्हटले, तर तो सापडेना. मीच ठेवलेला! ‘बोधदायक’ पाहिले, ‘उपयुक्त’ पाहिले. आज, तिसऱ्या दिवशी, तो ‘नाइलाज’ या फळीवर मिळाला. (इंग्रजीस त्या वर्गात घालताना मनात कोण होते, हे विचारू नये.)

बाई म्हणाल्या, ‘‘शब्द कोणताही लिहा हो. समिती नेहमी ‘चुका झाल्या’ असंच लिहिते, जशा काही पावसात उगवल्या. तुम्ही सरळ ‘मी केली’ लिहा, मग बघा कसे गडबडतात!’’ मी हसलो. पण तेव्हापासून फॉर्म तसाच कोरा आहे. कळावे, लोभ असावा.

ता. क. फॉर्म भरणे हे निमित्त. खरी विनंती ही की आपण शनिवारी यावे. सोमवारच्या आत नंबराप्रमाणे पुस्तके लावू शकेल असा, शाळेचे ग्रंथालय सांभाळलेला मनुष्य माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझ्यावर रागावलेला आहे. गुडघ्याची चिंता नको. खालच्या फळ्या मी करीन.

पुन्हा ता. क. आपल्या निरोपसमारंभात आपण एक श्लोक म्हटला होता आणि मी भरसभेत उभा राहून त्यातला पाठ दुरुस्त केला होता. आपण हातातला कागद घडी घालून खाली बसलात. त्यानंतर माझा उंबरा चढला नाहीत. परवा पुस्तके लावताना तो ग्रंथ उघडून पाहिला. आपला पाठ बरोबर होता.

आणखी एक ता. क. ‘परवा’ हे खोटे आहे. समारंभाच्या संध्याकाळीच मी तो उघडून पाहिला होता. मास्तर, छत्तीस वर्षे आपण इंग्रजी शिकवलीत; याला शब्द असेल तर येताना घेऊन या. तोवर मराठीत लिहितो: चूक झाली नाही, मी केली.

हे पत्र आपल्या आधी माझी बहीण फोडणार आणि शेजारणीस वाचून दाखवणार, म्हणून सर्वांसाठीच मागतो: जो जो हे वाचील त्याची चूक त्याला त्याच संध्याकाळी सापडो, ती सांगण्यास अकरा वर्षे न लागोत, आणि हवे ते पुस्तक हाताला लागेल अशा फळीवर मिळो.