ताईचे बूट आणि पहिलवानाचं रक्त

४ फेब्रुवारी

चि. पहिलवानास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. म्हणजे तू आता लोकांची कपाटं उचलण्याआधी दुखण्याच्या गोळ्या शेंगदाण्यांसारख्या तोंडात टाकतोस आणि रक्तदाबाची गोळी मात्र विसरतोस. तिने बोलून पाहिलं, रुसून पाहिलं, आता तिने मला कामाला लावलं आहे. मी तिच्यासारखी गरीब नाही, हे तुला ठाऊक आहेच.

एवढ्या गोळ्यांनी किडनीची वाट लागते. आईच्या वेळी आपल्याला कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. साध्या रक्ताच्या तपासणीत हे आधी कळलं असतं असं तेव्हाचे डॉक्टर म्हणाले होते, ते मी विसरले नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. क्रिएटिनिन तपासायचं म्हणून सांग, किडनीचं काम त्यावरून कळतं. दंडातून एक नळीभर रक्त काढतात. तीन मजले पियानो वाहणाऱ्या माणसाला सुईची भीती वाटत असेल तर बायकोचा हात धर.

माझं बरं चाललं आहे. नाटक कंपनीत राजाचे अंगरखे शिवायला घेतलेत. या वेळचा राजा इतका रोडका आहे की खांद्यांत गादी भरावी लागते. तू दिलेले बूट संध्याकाळी चावायला लागले होते, चामडं आटलं असावं. नटांचे बूट मीच दुरुस्त करते, मग माझे कोण करणार? दोन्ही बाजू उसवल्या आणि इलॅस्टिकचा तुकडा घातला. आता आरामात चालते.

तपासणी करून मगच पत्र लिही. तोवर माझा लोभ राखून ठेवला आहे.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि फसलो. आकडा हद्दीच्या वर आला आहे. कागदावर त्याच्यापुढे चांदणी काढली आहे, जाड शाईची.

मी तर सगळी तयारी करून गेलो होतो. रक्त द्यायचं तर चांगलं द्यावं म्हणून आदल्या रात्री पोट फुटेस्तोवर मटण खाल्लं. सकाळी एक पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवला आणि अंग गरम असतानाच तिथे गेलो. रक्त घेणाऱ्या बाईंचा रबरी पट्टा माझ्या दंडाला पुरेना, तेव्हा मला जरा बरंही वाटलं. कागद हातात पडल्यावर सगळी ऐट उतरली.

डॉक्टरांकडे गेलो नाही. काय सांगतील ते आईच्या वेळी ऐकलं आहे. माझा ओझ्याचा पट्टा जोडीदाराला द्यायचं ठरवलं आहे. हिला मी सांगितलं की माझ्यामागे तू परत लग्न कर. ती म्हणाली की बघते, पण आधी भाजी निवड. ताई, घरात कुणालाच गांभीर्य नाही. तू तरी माया कर.

तुझा,
थोडेच दिवस असलेला भाऊ

२५ फेब्रुवारी

चि. पहिलवानास,
अ. आ.

तुझं पत्र उभ्या उभ्याच वाचायला घेतलं. मटणापाशी पोचले तेव्हा तुझे कान उपटावेसे वाटले. भरपेट जेवून ढेकर देत आलेल्या नटाच्या कमरेचं माप मी कधी घेते का? त्याला परत पाठवते आणि दुसऱ्या दिवशी बोलावते. महत्त्वाचं कापड असलं तर त्या दिवशीही दोनदा मापते. तू एका मापावर स्वतःला कापायला निघालास.

पट्टा कुणाला देऊ नकोस. कागद घे आणि डॉक्टरांकडे जा. मटण सांग, पियानो सांग, गोळ्या तर आधी सांग, आणि खिशातली पुडी त्यांच्या टेबलावर ठेव. ते काय म्हणतात ते शब्दशः कळव. घाबरलास म्हणून मी तुला हसणार नाही. मीही घाबरले आहे रे.

भाजी निवडून झाल्यावर तिलाही माझे आशीर्वाद सांग.

तुझी,
ताई

१० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गेलो एकदाचा. मटणाचं ऐकून डॉक्टर खुर्चीत मागे रेलून हसले. मग म्हणाले की भरपूर मटण आणि अंगमेहनत यांनी हा आकडा वर जातो, आणि माझ्यासारख्या अंगाच्या माणसाचा मुळातच थोडा जास्त असतो. या आकड्यावरून आणि वयावरून किडनी किती गाळते याचा अंदाज बांधतात, म्हणून रक्त द्यायच्या आधी असले उद्योग करायचे नाहीत. पण गोळ्यांची पुडी पाहून त्यांचं हसू गेलं. ती त्यांनी ठेवूनच घेतली. गोळ्या बंद, रक्तदाबाची गोळी रोज, आणि काही आठवड्यांनी रक्त आणि लघवी दोन्ही परत तपासायची.

आता तुझ्याबद्दल. तुझं पहिलं पत्र ही काल परत वाचत होती आणि बुटांपाशी थांबली. ताई, मी ते बूट दिले तेव्हा ते तुला मोठे झाले होते. तू पुढे कापूस कोंबला होतास आणि मला पायाचं माप कळत नाही म्हणून आठवडाभर चिडवलं होतंस. कापूस घालून घालायचे बूट चावतील कसे? चामडं इतकं आटत नाही. आई रोज संध्याकाळी चपलेचा पट्टा एक भोक पुढे घ्यायची आणि पट्टा आखडलाय म्हणायची. तू पट्टा नाही सरकवलास, तू शिवणच उसवलीस.

तू तपासणी केल्याशिवाय मी माझी दुसरी करणार नाही. रागाव हवं तर. मला तू हवी आहेस.

तुझा,
भाऊ

२ एप्रिल

चि. पहिलवानास,
अ. उ. आ. वि. वि.

रागावले होते. दोन दिवस तुझ्या पत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बूट काढले तर मोज्याचा काठ सुजलेल्या पायात रुतला होता, बोट दाबलं तर खळगा पडला. ते मला रोज दिसत होतं. मी मोज्यांचंही इलॅस्टिक बदलायच्या विचारात होते. घट्ट झालं की सैल करायचं, एवढंच या हातांना कळतं.

रक्त दिलं, लघवी दिली. माझी किडनी जेमतेम अर्धं काम करते आहे. लघवीतून प्रथिनं जातात. रक्तदाब तर इतका की मोजणाऱ्या मुलीने यंत्र बदलून परत मोजला. मी तुझ्यामागे लागले होते आणि माझा कुणी कधी मोजलाच नव्हता. कामावर गेले, राजाच्या अंगरख्यांमागे उभी राहिले आणि पोटभर रडले.

पण डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. गेलेलं परत येणार नाही म्हणाल्या, मात्र उरलेलं बरीच वर्षं सांभाळता येतं, आणि मी सांभाळण्याच्या वेळेत आले आहे. रक्तदाबाची गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं. तीन महिन्यांनी परत तपासायचं, एका मापावर त्याही भरवसा ठेवत नाहीत. आईला अशी वेळ मिळाली नव्हती. मला मिळाली, ती तुझ्यामुळे.

आता तुझी पाळी. मटणाचा विचारही मनात आणू नकोस. तुझ्या बायकोला सांग, पुढचा अंगरखा तिच्यासाठी शिवते आहे.

तुझी,
ताई

२८ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आकडा हद्दीत, चांदणी गायब, लघवी स्वच्छ. डॉक्टर म्हणाले की गोळ्या अशाच चालू राहिल्या असत्या तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती. पियानो आता चौघं मिळून उचलतो. पाठ कुरकुरते, पण मालिश आणि व्यायामावर भागतं.

आनंद व्हायला हवा, पण तो अर्धाच होतो. तुझ्या दुसऱ्या तपासणीला मी येणार आहे. नको म्हणायचं पत्र पाठवू नकोस, मी ते उघडणार नाही. सुई टोचताना हात धरायला कुणीतरी लागतं, असं मला कुणीतरी लिहिलं होतं.

तुझा,
आता बरेच दिवस असलेला भाऊ

९ जुलै

चि. पहिलवानास,
अ. उ. आ. वि. वि.

तू गाडीत बसलास आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. किडनी किती गाळते तो आकडा तिथेच आहे, खाली घसरला नाही. प्रथिनं निम्म्यावर आली, रक्तदाब शहाण्यासारखा वागतो आहे. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला आणि असंच चालू दे म्हणाल्या. चेहऱ्यावरून त्या खूश दिसल्या. मी तर जिन्यातच बसले जराशी, बरं वाटलं म्हणून.

अळणी जेवणाची जिभेला सवय होते आहे. राजा नाटकभर ऐटीत फिरतो, गादी कुणाच्या लक्षात आलेली नाही.

काल संध्याकाळी बूट काढायला वाकले तर ते आपणच निसटले. मग कात्री घेतली, इलॅस्टिकचे दोन्ही तुकडे उसवले आणि जुन्या शिवणीवर परत टाके घातले. पायात घालून खोलीभर चालून पाहिलं. तुला पायाचं माप कळत नाही ते नाहीच. पुढे कापूस कोंबला.

माया आहे तशीच असू दे, ती सैल करू नकोस.

तुझी,
ताई