तिसऱ्या पानावरचा फोटो

ती. ताईस मधल्याचा नमस्कार.

माझा खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत? आईला दिसतं ना नीट?

सोबत आमच्या दैनिकाचं तिसरं पान पाठवतो आहे. एड्सवरच्या औषधांसाठी समलिंगी लोकांनी इस्पितळावर मोर्चा काढला, त्याची बातमी आहे. इतकी वर्षं या आजाराच्या बातम्या आम्ही गुन्ह्यांच्या शेजारी छापल्या. पानं मीच लावायचो, पण कधी तोंड उघडलं नाही.

फोटोत एक चष्मेवाला माणूस दिसेल, तो शिंपी आहे. त्याने पोटाशी धरलेली तसबीर तुझ्या-माझ्या धाकट्या भावाची आहे. उपसंपादक म्हणाले, "खालची तसबीर कापा, जाहिरातीला जागा हवी." मी वरचं आभाळ कापलं.

"कात्री चुकली वाटतं आज?"

"वय झालं, साहेब," मी म्हटलं.

ताई, धाकटा काविळीने गेला असं मी कळवलं होतं. ते खोटं होतं. त्याला एड्स झाला होता. मी दारात डबा ठेवून परत फिरायचो. हा शिंपी सहा वर्षं त्याच्याबरोबर राहिला. त्यानेच त्याला न्हाऊ घातलं, शेवटचं पाणी पाजलं. रोज प्रार्थनेला बसलो, की मला आधी ते दार दिसतं.

आईला हे पान आणि हे पत्रही वाचून दाखव. लपवून लपवून थकलो गं.

रजेवर येताना शिंप्याला घेऊन येईन. त्याला आपल्या रोजच्याच पेल्यात पाणी दे.

तुझा,
मधला