तीन तोंडांचा चार्जर

११ ऑगस्ट, सोमवार

लॅपटॉप पुन्हा मेला. सराव परीक्षेच्या मधोमध! माझी पोर, सेनिमिली, रडली नाही, नुसती काळ्या पडद्याकडे बघत बसली. रडली असती तर बरं झालं असतं.

चूक माझीच. नवऱ्याने, एसालाने, ऑस्ट्रेलियातून हा तीन तोंडांचा चार्जर पाठवला, आणि तेव्हापासून सगळं गाव आमच्या चटईवर. "केरेकेरे, जरा फोन लावू दे" म्हटलं की संपलं. केरेकेरे म्हणून मागणाऱ्याला आमच्यात नाही कसं म्हणायचं? लॅपटॉपच्या शेजारी दोन फोन होते, एक शेजारच्या वासितीचा, एक तिच्या नवऱ्याचा. तोंडं तीन आहेत, मग तिन्ही चालणारच की, असं मला वाटलं.

खरी परीक्षा बावीसला. नर्सिंगची, लॅपटॉपवरच, कॅमेरा लावून. पुन्हा वर्षभर नाही.

१२ ऑगस्ट

एसालाचा फोन. कत्तलखान्यातली पाळी संपवून बोलत होता. सगळं सांगितलं तर हसायला लागला. "अगं वेडे, तोंडं तीन असली तरी पोट एकच! एकटा लॅपटॉप लाव — पासष्ट वॅट त्याला. जोडीला एक फोन लावलास तर लॅपटॉपला पंचेचाळीस, फोनला वीस. तिसरं काही घातलंस की लॅपटॉपला तीसच. आणि तिसावर तो म्हातारा कॅमेऱ्यासकट चालायचा नाही. स्वतःच्या बॅटरीतलं खात बसेल. त्या बॅटरीत उरलंय काय?"

नवी वायर घातली की पडदा क्षणभर मंद का होतो, तेही कळलं. चार्जर सगळ्यांचं थांबवतो, तुला किती हवं, तुला किती हवं असं विचारतो आणि नव्याने वाटतो. आई असंच करायची. जेवायला बसलेलो असताना कोणी दारात आलं की "थांबा रे" म्हणायची आणि आमच्या पुढ्यातला मासा परत पातेल्यात! मग पुन्हा सगळ्यांना सारखा. येणाऱ्याला कधी नाही म्हटलं नाही तिने.

मी आईसारखी नाही.

१३ ऑगस्ट

दुसऱ्या आणि तिसऱ्या तोंडावर काळी चिकटपट्टी लावली. ती तोंडं बिघडली म्हणून सांगायचं ठरवलं.

वासिती आलीच. "केरेकेरे—" म्हणता म्हणता तिला पट्टी दिसली. "हे काय?"

"बिघडलं गं. एकच चालतंय, त्यात पोरीचा लॅपटॉप."

"नवंकोरं ना ते! तुझ्या नवऱ्याला कोणीतरी गंडवलं." बसली, हळहळली. जाताना अळूच्या पानांची जुडी ठेवून गेली. नारळाच्या दुधात शिजवली. मी नाही म्हटलं असतं तर निदान ते खरं तरी असतं.

इंटरनेटसाठी माझा फोन लॅपटॉपला जोडावा लागतो. तो लावायचा असला की दार लोटून घेते आणि दुसऱ्या तोंडावरची पट्टी हळूच सोलते. स्वतःच्याच घरात चोर!

१६ ऑगस्ट, शनिवार

नवल आहे. कोणीच येत नाही. एकदा पट्टी काढून दाखव, असंही कोणी म्हणालं नाही. नदीवर कपडे धुताना वासितीच इतरांना सांगत होती, "खरंच बिघडलंय म्हणे, जाऊ नका तिच्याकडे." मी मान खाली घालून साबण घासत राहिले.

२० ऑगस्ट

सराव परीक्षा पूर्ण झाली! पडदा एकदाही मंद झाला नाही. आनंद झाला, आणि पाठोपाठ लाज वाटली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी दाराशी चटईवर दादाचा फोन. वायर नीट गुंडाळलेली.

आपिसाई माझा सख्खा भाऊ, तीन घरं सोडून राहतो. पण वयात आल्यापासून आम्ही एकमेकांशी सरळ बोललेलो नाही. बहीण-भाऊ बोलत नाहीत, तो मान असतो. काही हवं असेल तर वस्तू अशी ठेवून जायची, नाहीतर पोरांच्या तोंडून निरोप. वासितीला थाप मारता येते. जो विचारतच नाही त्याला काय थाप मारणार?

रविवारच्या चर्चच्या जेवणासाठी तो एकटाच बाहेरच्या समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांकडे मासे धरायला निघाला होता. फोनमध्ये चार टक्के.

पट्टी सोलली. दुसऱ्यात इंटरनेटचा माझा फोन होताच, म्हणून तिसऱ्या तोंडात लावला. पडदा मंद झाला, उजळला. आणि लॅपटॉपचा आकडा उतरायला लागला. बहात्तर. एकाहत्तर. एकोणसत्तर. सेनिमिली म्हणाली, "आई, खाली येतंय गं." परीक्षा दहाला, दोन तासांची.

मी वायर काढली. पण पूर्ण बाजूला नाही ठेवली — तोंडाला नुसती टेकवून ठेवली. बघणाऱ्याला वाटावं, लागलेलीच आहे. का केलं मी असं? काढायची तर सरळ काढायची होती! मनाला सांगितलं, तो दुपारनंतर निघेल, परीक्षा झाली की लावू. आणि मागे कसाव्याचे कंद सोलायला गेले.

परत आले तर फोन नव्हता. भरती साधून तो आधीच गेला होता. सेनिमिलीने नंतर सांगितलं, "परीक्षा सुरू व्हायच्या आधीच मामा आला. जरा बसला, माझ्या पडद्याकडे बघितलं, फोन उचलला, गेला." पोर खूश होती. सगळे प्रश्न सोडवले तिने.

अंधार पडला. होडी आली नाही. वहिनी किनाऱ्यावर उभी आहे. फोन बंद लागतोय.

२३ ऑगस्ट

पहाटे होड्या निघायच्या आधी सगळे किनाऱ्यावर. गावप्रमुखांनी सगळ्यांसमोर विचारलं, "फोन तुमच्याकडे लावला होता म्हणे. भरला होता का गं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. असेनाथा वहिनी बघत होती.

"हो. भरला होता."

देवा! जिभेने आपोआप सांगितलं.

"भरलेला फोन बंद लागतोय म्हणजे पाण्यात गेला," ते म्हणाले. "म्हणजे होडी उलटली. प्रवाळाच्या कडेकडेने शोधा. दूर जाऊ नका, तेल वाया जाईल."

सगळ्या होड्या प्रवाळाकडे. पण नुसतं इंजिन बंद पडलं असेल तर? मग दादा वाऱ्याबरोबर उलट्या दिशेला वाहत चाललाय. हे सगळ्या गावात मला एकटीला माहीत, आणि मी शोधणाऱ्यांसाठी कसावा उकडत बसले. संध्याकाळी सगळ्यांना वाढलं. एकाच्याही डोळ्यांत बघवलं नाही. "उद्या बुडी मारून बघू," कोणीतरी म्हणालं. वहिनीने ते ऐकलं.

मी माझ्या भावाला मारते आहे. एकदा वायर काढून, एकदा जिभेने.

२४ ऑगस्ट, रविवार

सांगितलं.

गावप्रमुखांच्या घरात पुरुष बसले होते, मध्ये यांगोनाच्या पेयाचं भांडं, कोणी पीत नव्हतं. मी वाकून आत गेले, दाराशीच बसले. म्हटलं, "फोन भरलेला नव्हता. पोरीचा लॅपटॉप बंद पडू नये म्हणून मी वायर काढली. काल खोटं बोलले. चार्जरही बिघडलेला नाही. पट्टी मीच लावली."

प्रमुख ओरडले, "हे काल सांगायला काय झालं होतं, बाई!" आणि दुसऱ्या क्षणी उठलेच. "वाऱ्याच्या दिशेने! सगळे! आज प्रार्थना होडीतच करा!"

मी किनाऱ्यावर जाऊन बसले. वहिनी आली. माझ्याकडे बघितलं नाही, बोलली नाही. पण शेजारी बसली ती उठून गेली नाही. तिने थोबाडीत मारली असती तर सोसलं असतं. हे सोसवत नव्हतं.

दुपार कलली आणि लांबून शंख वाजला. सापडला! जिवंत आहे! शुक्रवारीच इंजिन बंद पडलं होतं. दोन शहाळ्यांवर तगला. बेट दिसेनासं व्हायच्या बेतात होतं, म्हणाले. आणखी एक दिवस प्रवाळावर शोधत बसलो असतो तर — पुढचं लिहवत नाही.

२५ ऑगस्ट

दादा दवाखान्यात. उन्हाने कातडी सोलून निघाली आहे.

पट्ट्या फाडून टाकल्या. वासिती फोन घेऊन दारात उभी. टोमणा येणार म्हणून मी तयारच होते. म्हटलं, "लाव, कुठलंही तोंड घे."

तिने पहिलंच, लॅपटॉपचं तोंड घेतलं! ऐसपैस बसली आणि म्हणाली, "तू थाप मारलीस ती मारलीस, वर भावालाही शिकवलीस होय गं?"

"म्हणजे?"

"तोच तर घरोघर सांगत होता! बहिणीचा चार्जर मी स्वतः बघितला, खरंच बिघडलाय, पोरीची परीक्षा होईतो कोणी जाऊ नका. आपिसाई म्हणतो म्हटल्यावर आम्ही कशाला शंका घेतोय?"

दादाने तोवर आमच्या घरात पाऊलही टाकलं नव्हतं. चार्जर बघितलाच नव्हता, माझी थाप मात्र ओळखली असणार. आणि खोटं बोलणारा माणूस नाही तो. आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल, तेही माझ्यासाठी. आणि मी त्याच्या फोनचं काय केलं!

२७ ऑगस्ट, बुधवार

दादा आला. पायरीवर बसला, घराकडे पाठ करून. ओठ अजून फुटलेले. सेनिमिलीला म्हणाला — मला आत ऐकू येईल एवढ्या मोठ्याने — "तुझ्या आईला सांग, वायर नुसती टेकवलेली होती हे मला दिसलं होतं. भरतीला वेळ होता, आत ढकलता आली असती. तुझा आकडा बघितला आणि राहू दिली."

सेनिमिली माझ्याकडे वळली. मी म्हटलं, "मामाला सांग, फोन दे म्हणावं. पहिल्या तोंडात लावते."